प्रश्न दोन ग्रॅमचा आहे

एक हेक्टर शेत घ्या. नांगर पोहोचतो तो वरचा 20 सेंटिमीटरचा थर धरला तर त्यात साधारण 2,500 टन माती भरते. या मातीत किलोमागे एक मिलिग्रॅम कॅडमियम हा विषारी जड धातू असेल, तर त्या शेतात एकूण अडीच किलो कॅडमियम पडून आहे. आता तिथे पाच टन तांदूळ पिकला आणि त्याच्या दाण्यात किलोमागे 0.4 मिलिग्रॅम कॅडमियम उतरलं, तर सगळ्या दाण्यानं मिळून मातीतून उचललं किती? दोन ग्रॅम. अडीच किलोतले दोन ग्रॅम, म्हणजे हजारातला एक भागसुद्धा नाही. 0.4 ही कोडेक्सनं, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, तांदळासाठी घालून दिलेली मर्यादा आहे. पिकानं एकच ग्रॅम उचललं असतं तर तो तांदूळ चीनच्या 0.2 या कडक मर्यादेतही बसला असता. चार ग्रॅम उचललं असतं तर तो कुणाच्याही ताटात जायला नको.

दूषित जमिनीची चर्चा मात्र जवळजवळ नेहमी त्या अडीच किलोंभोवती फिरते. माती स्वच्छ कशी करायची, किती वर्षं लागतील, तिथली शेती बंदच करावी का? प्रश्न इतके मोठे असतात की त्यांवर निर्णय होतच नाही. तोवर पेरणी होते, कापणी होते आणि आलेलं धान्य खाल्लं जातं. माझं म्हणणं असं, की या विषयात आपली नजर मातीवरून दाण्याकडे वळली पाहिजे. दाण्यात धातू कमी उतरावा म्हणून काय करायचं हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे. घोडं अडतं ते मोजण्यापाशी. ज्याच्या शेताचा नमुना सदोष निघेल त्याचा हंगाम बुडणार असेल, तर नमुना द्यायला कोण पुढे येईल?

मातीतल्या एकूण आकड्यावर विसंबणं किती फसवं असतं, ते दोन गावांच्या गोष्टीतून कळतं. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात शिपहॅम नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी जस्ताच्या खाणी होत्या. 1979 च्या सुमारास असं उघडकीला आलं की तिथल्या काही बागांच्या मातीत किलोमागे 360 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम आहे. रहिवाशांची तपासणी झाली. गंभीर आजार आढळले नाहीत. जपानच्या तोयामा प्रांतात, जिंझू नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत कॅडमियम याहून कितीतरी पटींनी कमी होतं. वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतून ते नदीत आणि नदीतून खाचरांत उतरलं होतं. तिथे मात्र माणसं अंथरुणाला खिळली. आधी मूत्रपिंडं बिघडायची, मग हाडं इतकी कमकुवत व्हायची की नुसत्या खोकल्यानं मोडायची. बहुतेक रुग्ण अनेक बाळंतपणं झालेल्या, वय उतरू लागलेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्या कण्हण्यावरूनच आजाराला नाव पडलं, ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. कॅडमियम हेच त्याचं कारण असल्याचं जपान सरकारनं 1968 मध्ये मान्य केलं.

शिपहॅमची माती चुनखडीची होती, तिच्यात कॅडमियमच्या जोडीला जस्त मुबलक होतं आणि तिथल्या लोकांच्या आहारात बागेतल्या भाजीचा वाटा लहान होता. जिंझूच्या काठी रोजच्या प्रत्येक जेवणात आपल्याच खाचरातला तांदूळ असायचा. शिवाय शरीरात लोह कमी असेल तर आतडी कॅडमियम जास्त शोषतात, हे पुढे सिद्ध झालं. स्त्रियाच जास्त का होरपळल्या, त्याचं एक कारण इथे असावं. म्हणजे मातीतला आकडा आणि माणसाचं दुखणं यांच्यामध्ये सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल याचं माप), जस्त, पाणी, वाण आणि आहार अशी लांबलचक साखळी आहे. ती ज्या ज्या ठिकाणी तोडता येते, तिथे तोडण्याचं काम शेतकरी करू शकतो.

यातली सर्वांत जुनी आणि भरवशाची कडी म्हणजे सामू. माती आम्ल असली की कॅडमियम मातीच्या कणांना सोडून पाण्यात उतरतं आणि मुळांच्या हाती लागतं. चुना घालून सामू साडेसहाच्या पुढे नेला की तेच कॅडमियम कणांना घट्ट धरून बसतं. मातीतला साठा तेवढाच राहतो, फक्त पिकाला मिळत नाही. पण चुना एकदा टाकून भागत नाही. अमोनिया आणि युरियाची खतं वारेमाप पडत राहिली की आम्लता परत येते. चीनमधल्या प्रमुख शेतजमिनींचा सामू 1980 च्या दशकापासून 2000 च्या दशकापर्यंत 0.13 ते 0.80 नी घसरल्याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं मुख्य कारण नत्रखतांचा अतिवापर हे होतं. सामूची एका अंकाची घसरण म्हणजे आम्लतेत दहापट वाढ. कारखान्याच्या सांडपाण्याचा एक थेंबही नव्यानं आला नाही, तरी नुसत्या खताच्या सवयीमुळे जुनं कॅडमियम जागं होऊ शकतं. खतांच्या अनुदानाचं धोरण ठरवणाऱ्यांच्या मनात हा विचार असतो का, याची मला खरोखर काळजी वाटते.

जस्त आणि कॅडमियम रसायनशास्त्रात सख्खे शेजारी आहेत आणि मुळांना त्यांच्यातला फरक नीट कळत नाही. जस्ताची कमतरता असलेल्या शेतात गव्हाला जस्त दिलं की दाण्यातलं कॅडमियम उतरतं. उलट, क्लोराइड वाढलं की कॅडमियम त्याच्याशी जोडी करून पाण्यात मोकळं फिरत राहतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात खारट पाण्यावर वाढलेल्या बटाट्यांत हे 1990 च्या दशकात स्पष्ट दिसलं. अशा जागी म्युरेट ऑफ पोटॅश या क्लोराइड असलेल्या खताऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरण्यासारखा साधा बदलही उपयोगी पडतो. शेणखत आणि कंपोस्ट कॅडमियम व शिसं बांधून ठेवतात, हे खरं आहे. मात्र शहरी कचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट स्वतःच धातू घेऊन येऊ शकतं, आणि आर्सेनिक असलेल्या पाणथळ खाचरात सेंद्रिय खतानं आर्सेनिक आणखी सुटतं. ‘सेंद्रिय ते सुरक्षित’ असं इथे म्हणता येत नाही.

भाताइतकं अवघड पीक या बाबतीत दुसरं नाही. खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, गंधकाचं सल्फाइड बनतं आणि कॅडमियम त्याच्याशी मिळून न विरघळणारं संयुग तयार करतं. म्हणून जपानमध्ये दूषित खाचरांसाठी सल्ला दिला गेला, की भात निसवण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे पाणी हटू देऊ नका. कॅडमियमपुरता हा सल्ला उत्तम आहे. पण त्याच उभ्या पाण्यात लोहाचा गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. मोकळं झालेलं आर्सेनिक भाताच्या मुळांत शिरतं ते सिलिकॉनसाठी असलेल्या दारांतून. ही दारं कोणती, हे 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. भाताला सिलिकॉन भरपूर लागतं, म्हणून ती दारं सताड उघडी असतात. पाणी ठेवलं तर आर्सेनिक, पाणी काढलं तर कॅडमियम. वर चुना घालून सामू चढवला की कॅडमियम बसतं, पण आर्सेनिक काही वेळा आणखी सैल होतं. मग शेतकऱ्याला सरसकट एकच सल्ला कसा द्यायचा? त्याच्या शेतात कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला नुकसानही करू शकतो. ‘आधी मोजा’ हा माझा आग्रह इथूनच येतो.

या कोंडीतून बाहेर काढणारी एक वाट वाणांतून निघाली. 2012 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या लोकप्रिय वाणाच्या बियाण्यावर कार्बन आयनांचा मारा करून मिळवलेली रोपं जाहीर केली. त्यांच्या मुळांतलं एक दार बिघडलेलं होतं. ते दार मँगेनीज आत घेतं आणि त्याच्याबरोबर कॅडमियमही. दार बिघडलं आणि दाण्यातलं कॅडमियम जवळजवळ नाहीसं झालं. खरा फायदा त्याच्या पुढचा आहे. कॅडमियमची भीती गेली की खाचर अधूनमधून कोरडं ठेवता येतं आणि मग आर्सेनिकही उतरतं. आकिता प्रांतानं 2025 पासून अशाच प्रकारच्या वाणाकडे वळायला सुरुवात केली, तेव्हा किरणोत्साराच्या शंकेनं बऱ्याच ग्राहकांनी विरोध केला. आयनांचा मारा काही पिढ्यांमागे बियाण्यावर झाला होता. आजच्या दाण्यात त्याचा अंशही नाही, त्यामुळे ती भीती मला पटत नाही. तरी विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प करू नये, त्याला नीट उत्तर मिळायला हवं. या वाणांची खरी मर्यादा वेगळी आहे. मँगेनीज कमी असलेल्या जमिनीत त्यांच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग सहज पडतो, तेव्हा खताची काळजी जास्त घ्यावी लागते. कॅनडात शेवयांच्या गव्हाचं स्ट्राँगफील्ड हे कमी कॅडमियमचं वाण 2004 पासून आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं. चव आणि उत्पन्न जपलं तर वाण बदलणं शेतकऱ्याला जड जात नाही.

शिशाची गोष्ट यापेक्षा पुष्कळ सोपी आहे. ते मुळांतून वर फारसं चढत नाही. पानांवर उडालेल्या धुळीतून आणि कंदांना लागलेल्या मातीतून ते पोटात जातं. आच्छादन घालणं, भाजी स्वच्छ धुणं, कंद सोलणं आणि रस्त्यालगतच्या पट्ट्यात पालेभाजीऐवजी फळभाजी घेणं, एवढ्यानं बरंच साधतं. धुण्याचा हा सल्ला कॅडमियमला मात्र अजिबात लागू नाही. कॅडमियम पानाच्या आत असतं. ‘भाजी नीट धुवून घ्या’ असं सांगून जबाबदारी स्वयंपाकघरावर ढकलली जाते, तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही.

धातू शोषून जमीन शुद्ध करणाऱ्या वनस्पतींबद्दल लोकांना फार आशा असते, आणि ती मला समजते. एक नेचा आर्सेनिक अफाट प्रमाणात साठवतो, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर कुतूहल जागं झालं. पण सुरुवातीचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. कॅडमियम किलोमागे तीनवरून एक मिलिग्रॅमवर आणायचं, तर हेक्टरी पाच किलो बाहेर काढावं लागेल. एखाद्या वनस्पतीचं हेक्टरी पाच टन वाळलेलं पीक आलं आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम कॅडमियम भरलं, तर वर्षाला अर्धा किलो निघेल. म्हणजे दहा वर्षं, तीही दर वर्षी सगळं मनासारखं झालं तर, आणि सहज मिळणारा धातू संपत जाईल तसा हा वेगही मंदावणार. तोवर शेतकऱ्यानं खायचं काय? तरी या वनस्पती निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. त्या मातीतला मोकळा धातू आधी उचलतात आणि आपल्या पिकात उतरतो तोही मोकळाच धातू. त्यांचं यश अडीच किलोंच्या फूटपट्टीनं मोजलं तर पदरी निराशा येईल, दोन ग्रॅमच्या फूटपट्टीनं मोजलं तर कदाचित नाही.

इतकं सगळं ठाऊक असताना ते शेतापर्यंत का पोहोचत नाही? मे 2013 मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात तांदळाचे 18 नमुने तपासले गेले. त्यांतल्या 8 नमुन्यांत कॅडमियम मर्यादेबाहेर होतं. सुरुवातीला कुणाचा तांदूळ ते सांगितलं गेलं नाही, ओरड झाल्यावर सांगितलं. त्याच वर्षी देशभरातल्या माती सर्वेक्षणाचे आकडे एका वकिलानं मागितले, तेव्हा ते राजकीय गुपित असल्याचं उत्तर मिळालं. एप्रिल 2014 मध्ये ते अखेर जाहीर झाले. एकूण नमुन्यांपैकी 16.1 टक्के आणि शेतजमिनीच्या नमुन्यांपैकी 19.4 टक्के नमुन्यांत कोणतं ना कोणतं प्रदूषण मर्यादेबाहेर होतं. आकडे लपवण्यामागे लोक घाबरतील, बाजार कोसळेल हा विचार असतो. पण शेतनिहाय माहिती नसली की संशय सबंध प्रदेशावर पडतो. ज्याची जमीन निर्मळ आहे त्याचाही माल पडून राहतो आणि ज्याची दूषित आहे त्याला उपायही कळत नाही. आकडे जाहीर झाल्यानंतर चीनमध्ये कायदा झाला. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या त्या कायद्यानं शेतजमिनीचे तीन वर्ग केले: जपायची, सुरक्षित पद्धतीनं वापरायची आणि कडक नियंत्रणाखाली ठेवायची. मधल्या वर्गासाठी हुनान प्रांतात वाण, पाणी आणि सामू या तिन्हींवर एकत्र काम केलं गेलं. मला हा मधला वर्ग फार मोलाचा वाटतो. ‘पिकवा’ आणि ‘बंद करा’ यांच्यामध्ये शेतकऱ्याला उभं राहायला त्यानं जागा दिली.

जपाननं आणखी एक गोष्ट केली होती. तिथली जुनी मर्यादा किलोमागे 1.0 मिलिग्रॅमची होती आणि 2011 मध्ये ती 0.4 वर आली. मधल्या कितीतरी वर्षांत 0.4 ते 1.0 या पट्ट्यातला तांदूळ कायद्यानं विकता आला असता, पण तो कुणी घेतला नसता. सरकारनं 1970 पासून तो विकत घेतला आणि डिंकासारख्या औद्योगिक कामांसाठी वळवला. माझ्या मते त्या सगळ्या धोरणाचा कणा तोच होता. नमुना वाईट निघाला तरी घर बुडणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कोणताही शेतकरी प्रामाणिक नमुना देणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

म्हणून दूषित पट्ट्यांत कापणीच्या आधी उभ्या पिकातल्या दाण्याची फुकट तपासणी व्हावी. सदोष निघालेलं पीक बाजारभावानं विकत घेऊन अन्नाच्या साखळीबाहेर काढावं. त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल व्हावा आणि तो सापडत नसेल तर सरकारी तिजोरीतून व्हावा. त्या शेताला पुढच्या हंगामासाठी चुना, जस्त आणि योग्य वाणाचं बियाणं पोहोचवावं आणि पुन्हा मोजावं. मातीची मर्यादा ठरवताना एकूण धातूबरोबर विरघळणारा भागही धरावा. जर्मनीच्या 1999 च्या माती संरक्षण नियमांत अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात उतरणारं कॅडमियम मोजायचं ठरलं. पावाचा गहू किंवा कॅडमियम साठवणाऱ्या भाज्या असतील तर किलोमागे 0.04 मिलिग्रॅम आणि इतर पिकांना 0.1, असा फरकही त्या नियमांत केला गेला. जमीन कोणती यापेक्षा तिच्यात काय पिकवणार, हा प्रश्न त्यांनी कायद्यात आणला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. दाण्याकडेच पाहत राहिलं तर मातीत धातू ओतणाऱ्यांना मोकळं रान मिळेल, असा तो आक्षेप आहे. स्फुरदयुक्त खतांचं उदाहरण घेऊ. युरोपीय संघानं जुलै 2022 पासून एक किलो स्फुरदामागे (फॉस्फरस पेंटॉक्साइड) 60 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली आहे. हेक्टरी 50 किलो स्फुरद दिलं आणि खत त्या मर्यादेवर असलं, तर वर्षाला तीन ग्रॅम कॅडमियम शेतात पडतं. दाणे नेतात दोन. उरलेलं साठत जातं, पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या धातूवर शक्य तितकी कडक बंधनं हवीत, आणि तिथे एकूण आकडाच धरायला हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पडलेला धातू आता मातीत आहेच. पुढच्या पिढीसाठी दार बंद करताना या हंगामात जेवणाऱ्यांना विसरता येणार नाही.

या हंगामात जेवणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त धोका शेतकऱ्याच्याच घराला आहे. बाजारात अनेक शेतांचा माल मिसळतो आणि धातू पातळ होतो. आपल्या शेतातलं धान्य वर्षभर खाणाऱ्या कुटुंबाला ही सूट मिळत नाही. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात, म्हणजे लहानपणी खाल्लेलं म्हातारपणी सोबत असतं. बाजार समितीत किंवा बंदरावर घेतलेल्या नमुन्यांतून या घरांचं काहीच कळत नाही. तपासणीचा पहिला नमुना घरच्या कणगीतला असायला हवा, आणि त्या घरातल्या स्त्रियांच्या रक्तातल्या लोहाची तपासणीही त्याच फेरीत व्हायला हवी.

जिंझूच्या काठचे रुग्ण अशाच घरांतले होते. 1972 मध्ये वरच्या न्यायालयातही ते जिंकले आणि त्यानंतर खाण चालवणाऱ्या कंपनीशी त्यांनी करार केला. रहिवाशांना वाटेल तेव्हा खाणीची पाहणी करता येईल आणि तिचा खर्च कंपनी देईल, असं त्या करारात लिहिलं आहे. खाचरांवर स्वच्छ माती घालण्याचं काम 2012 पर्यंत चाललं आणि आठशेहून अधिक हेक्टर जमीन पुन्हा लागवडीला आली. जुनी माती खाली तशीच पुरलेली आहे. रहिवासी दरवर्षी शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन खाणीत जातात आणि पाण्यातलं कॅडमियम किती, ते विचारतात.